जहाजाने येणारा वायू: एलएनजी पश्चिम भारताची गरज कुठे भागवतो आणि कुठे नाही

मुंबई-ठाण्यातील स्वयंपाकघरांत नळाने येणारा वायू, पुण्यातील रिक्षांत भरला जाणारा सीएनजी आणि अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यात युरियासाठी लागणारा वायू हे सारे एकाच वस्तूचे, म्हणजे नैसर्गिक वायूचे, वेगवेगळे उपयोग आहेत. या वायूचा काही भाग मुंबई हाय आणि वसई या समुद्रातील क्षेत्रांतून येतो, काही भाग देशाच्या इतर क्षेत्रांतून येतो, आणि उरलेला परदेशांतून द्रवरूपात जहाजाने आणला जातो. भारत जेवढा नैसर्गिक वायू वापरतो त्यातला जवळपास निम्मा आता आयात होतो, आणि देशाला परदेशांशी जोडणारी एकही वायुवाहिनी नसल्यामुळे ही सगळी आयात एलएनजीच्या, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, रूपानेच होते. तरीही या इंधनाकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी याबद्दल आपल्याकडे बराच गोंधळ आहे, आणि त्या गोंधळाची किंमत महाराष्ट्राने एकदा फार मोठी मोजली आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. घरगुती सिलिंडरमधला एलपीजी वेगळा असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असून थोड्याशा दाबाखाली नेहमीच्या तापमानालाच द्रव होतो. मिथेन असा सहज द्रवरूपात येत नाही. त्याला उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावे लागते, आणि तसे केले की त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी कमी होते. समुद्र ओलांडून वायू नेणे परवडते ते या एका गुणामुळे. थंड करण्याआधी त्यातील पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त घटक काढून टाकावे लागतात, कारण इतक्या थंडीत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड गोठून यंत्रणेचे मार्ग बंद करतात. द्रवीकरणाच्या या कामात मूळ वायूतली साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा खर्ची पडते, आणि हा खर्च एलएनजीच्या किमतीत पहिल्यापासूनच मिसळलेला असतो.

जहाजावरील टाक्यांत हा द्रव दाबाखाली ठेवलेला नसतो, तो केवळ थंड ठेवलेला असतो. टाकीचे आवरण कितीही चांगले असले तरी बाहेरची थोडी उष्णता आत शिरतेच, त्यामुळे रोज किंचित द्रव उकळून वायू होतो आणि बहुतेक जहाजे तोच वायू इंजिनासाठी वापरतात. किनाऱ्यावरील टर्मिनलमध्ये हा द्रव मोठ्या दुहेरी टाक्यांत उतरवला जातो. साधे पोलाद एवढ्या थंडीत काचेसारखे ठिसूळ होते म्हणून या टाक्यांची आतली भिंत नऊ टक्के निकेल असलेल्या पोलादाची आणि बाहेरची काँक्रीटची असते. तेथून द्रव पंपाने उच्च दाबावर नेऊन, समुद्राच्या पाण्याच्या किंवा हवेच्या उष्णतेने त्याचा पुन्हा वायू केला जातो आणि तो वाहिनीत सोडला जातो. यापुढे तो देशी वायूपासून वेगळा ओळखता येत नाही. फरक राहतो तो फक्त किमतीत.

आता एका जहाजाचा हिशेब मांडून पाहू, म्हणजे प्रमाणाची कल्पना येईल. आजच्या नेहमीच्या मोठ्या जहाजात सुमारे १ लाख ७० हजार घनमीटर द्रव मावतो, म्हणजे वायूच्या रूपात जवळपास १० कोटी घनमीटर. भारताचा रोजचा एकूण वापर अलीकडे १९ कोटी घनमीटरांच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की एवढे मोठे जहाज देशाची जेमतेम अर्ध्या दिवसाची गरज भागवते, आणि निम्मी गरज आयातीने भागवायची म्हटली तर भारताच्या कुठल्या ना कुठल्या बंदरात रोज सुमारे एक जहाज लागले पाहिजे. एलएनजीवर आधारलेला पुरवठा म्हणजे वर्षभर न थांबता चालणारी ही जहाजांची रांग होय. कोळशाचे जसे महिनाभराचे ढीग रचून ठेवता येतात तसा या द्रवाचा साठा करणे महाग पडते, म्हणून टर्मिनलच्या टाक्यांतील साठा काही दिवसांपुरताच असतो.

पश्चिम किनारा या व्यापाराचे प्रवेशद्वार झाला त्यालाही कारण आहे. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले, त्यानंतर वसई क्षेत्रातील वायू हाती आला, आणि १९८० च्या दशकात हजिरा-विजयपूर-जगदीशपूर ही वाहिनी टाकली गेल्यावर हा वायू गुजरातमधून थेट उत्तर प्रदेशातील खत कारखान्यांपर्यंत पोहोचू लागला. ग्राहक तयार झाले, वाहिनी तयार झाली, आणि पुढे गरज वाढत असताना जुन्या क्षेत्रांचे उत्पादन मात्र तेवढे वाढेना. ती पोकळी भरण्यासाठी जानेवारी २००४ मध्ये गुजरातमधील दहेज येथे देशातील पहिल्या टर्मिनलवर कतारहून पहिले जहाज आले. वर्षाला ५० लाख टनांपासून सुरू झालेले हे टर्मिनल टप्प्याटप्प्याने १ कोटी ७५ लाख टनांपर्यंत वाढले, आणि ते जवळपास पूर्ण क्षमतेने चालत आले आहे. याच किनाऱ्यावर, २००५ मध्ये हजिरा येथे दुसरे टर्मिनल उभे राहिले.

दहेज यशस्वी का झाले हे कोचीकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. कोचीचे ५० लाख टनांचे टर्मिनल २०१३ मध्ये तयार झाले, परंतु वायू पुढे नेणारी मंगळूरपर्यंतची सुमारे ४५० किलोमीटरची वाहिनी जमिनीच्या वादांमुळे रखडली आणि ती जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाली. मधली अनेक वर्षे हजारो कोटींचे टर्मिनल क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर चालत राहिले. टर्मिनल बांधणे हा या व्यवसायातला तुलनेने सोपा भाग आहे. पुढे वाहिनी आहे का, आणि वाहिनीच्या टोकाला ती किंमत देऊ शकणारा ग्राहक आहे का, या दोन प्रश्नांवर बाकी सारे ठरते.

दाभोळचा धडा

हे दोन प्रश्न न सोडवता पुढे गेल्यास काय होते याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ, वाशिष्ठीच्या मुखापाशी, एन्रॉन या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकात उभारलेला दाभोळ प्रकल्प राजकीय वादांसाठी सर्वांच्या लक्षात आहे. मात्र त्याच्या अपयशाचा इंधनाशी असलेला संबंध फारसा समजावून सांगितला जात नाही. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थावर, म्हणजे कच्च्या तेलापासून मिळणाऱ्या एका द्रव इंधनावर, सुरू झाला. दुसरा टप्पा आणि एलएनजी टर्मिनल पूर्ण झाल्यावर सगळा प्रकल्प आयात वायूवर चालणार होता. वीज घेणार होते महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, आणि तिच्या दरात इंधनाची किंमत व डॉलरचा भाव या दोन्हींचा भार मंडळावर टाकलेला होता. तेल महागले, रुपया घसरला, आणि मंडळाला ही वीज परवडेनाशी झाली. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले, प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत मूळ कंपनीच दिवाळखोरीत गेली. टर्मिनल तेव्हा अर्धवट उभे होते.

२००५ मध्ये एनटीपीसी (वीज) आणि गेल (वायू) या सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीने प्रकल्प हाती घेतला आणि तो १,९६७ मेगावॉट क्षमतेचा झाला. आंध्रच्या किनाऱ्याजवळील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायू मिळत होता तोवर तो चालला. त्या खोऱ्यातील उत्पादन २०१० नंतर अपेक्षेच्या कितीतरी खाली घसरले आणि प्रकल्प पुन्हा थांबला. गंमत वाटावी असा, पण खरे तर फार बोलका योग म्हणजे त्याच सुमारास, २०१३ मध्ये, शेजारचे टर्मिनल सुरू झाले. आयात वायू अगदी भिंतीपलीकडे उपलब्ध होता, तरी त्यापासून तयार होणारी वीज विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. पुढे काही काळ रेल्वेने येथून वीज घेतली; परंतु प्रकल्प पूर्ण क्षमतेने सतत चालला असे कधी झाले नाही.

टर्मिनलचीही एक अडचण होती. कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र इतका खवळतो की एलएनजीचे जहाज धक्क्याला स्थिर लावणे धोक्याचे असते, आणि येथील लाटा अडवणारा बांध अपुरा राहिलेला होता. म्हणून ५० लाख टनांचे हे टर्मिनल दर पावसाळ्यात बंद ठेवावे लागे आणि वर्षभरात त्याची क्षमता जवळपास निम्मीच वापरता येई. बांधाचे काम पूर्ण होऊन २०२५ पासून तेथे पावसाळ्यातही जहाजे घेता येऊ लागली आहेत. महाराष्ट्रासाठी ही बातमी महत्त्वाची होती, तरी तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. दाभोळहून निघणारा वायू पनवेलच्या दिशेने मुंबईच्या जाळ्यात आणि दुसऱ्या वाहिनीने कर्नाटकात बंगळूरपर्यंत जातो. गोव्यातील झुआरीनगरचा युरिया कारखानाही याच दक्षिणेच्या वाहिनीमुळे नाफ्था सोडून वायूवर येऊ शकला.

विजेचा हिशेब

वायूपासून केलेली वीज घ्यायला कोणी का तयार होत नाही, हे साध्या भागाकाराने समजते. वायूची आंतरराष्ट्रीय किंमत दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट उष्णतेमागे डॉलरमध्ये सांगितली जाते. चांगल्या संयुक्त चक्राच्या, म्हणजे वायूच्या यंत्रातून निघणाऱ्या उष्णतेवर वाफेचे यंत्रही चालवणाऱ्या, वीज केंद्रात एवढ्या उष्णतेतून साधारण १४० युनिट वीज मिळते. वायू केंद्रापर्यंत १२ डॉलरला पोहोचला, तर डॉलर ८५ रुपये धरून एका युनिटमागे नुसत्या इंधनाचाच खर्च ७ रुपयांच्या वर जातो. यंत्रसामग्री, व्याज आणि देखभाल हे वेगळे. कोळशाच्या केंद्रांचा इंधनखर्च याच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो आणि दिवसा सौर वीज त्याहून स्वस्त मिळते. वितरण कंपन्यांनी रोज स्वस्तातली वीज आधी घ्यायची असा नियम असल्याने वायूची केंद्रे यादीच्या तळाशी राहतात. देशात सुमारे २० हजार मेगावॉटची वायूवरील केंद्रे आहेत, परंतु एकूण विजेत त्यांचा वाटा अवघ्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे.

याचा अर्थ ही केंद्रे निरुपयोगी आहेत असा मात्र घेऊ नये. सूर्य मावळल्यानंतर सौर वीज संपते आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. बंद असलेले कोळशाचे केंद्र चालू करायला अनेक तास लागतात, तर वायूचे झोत यंत्र (टर्बाइन) काही मिनिटांत वीज देऊ लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात मागणी विक्रमी होणार हे दिसू लागल्यावर केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन मे आणि जून महिन्यांसाठी वायूच्या केंद्रांना तयार राहण्याचे आदेश दिले, आणि ३० मे रोजी देशाची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर, गेली तेव्हा या केंद्रांचा आधार मिळाला. माझ्या मते वीजक्षेत्रात एलएनजीची खरी जागा एवढीच आहे: संध्याकाळचे काही तास आणि वर्षातले काही कठीण आठवडे. चोवीस तास चालणाऱ्या केंद्राचे इंधन म्हणून त्याच्याकडे पाहण्याची चूक दाभोळमध्ये झाली होती. मात्र वर्षातून थोडेच दिवस चालणारे केंद्र जगवायचे, तर ते सज्ज राहते याबद्दल त्याला पैसे मिळाले पाहिजेत, आणि अशी किंमत ठरवण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरती रुळलेली नाही.

मग हा वायू जातो कुठे

सर्वात मोठा ग्राहक आहे खत उद्योग. युरियातील नत्र हवेतून मिळतो, परंतु त्यासाठी लागणारा हायड्रोजन मिथेनमधून काढला जातो, म्हणजे येथे वायू इंधन असतो तसाच कच्चा मालही असतो. शेतकऱ्याला ४५ किलोची पिशवी सुमारे २६६ रुपयांना मिळते आणि उत्पादनखर्चातला फरक सरकार अनुदानातून भरते. परिणामी एलएनजी महागला तरी शेतकऱ्याच्या पिशवीचा भाव हलत नाही. बोजा केंद्राच्या तिजोरीवर पडतो. खत उद्योग महाग वायू पचवू शकतो तो या व्यवस्थेमुळे, आणि वीजक्षेत्राला अशी सोय नसल्यामुळे ते पचवू शकत नाही.

दुसरा मोठा आणि वेगाने वाढणारा ग्राहक म्हणजे शहरी वायूवितरण. स्वयंपाकाचा नळवायू आणि सीएनजी यांना जुन्या देशी क्षेत्रांतील स्वस्त वायू प्राधान्याने देण्याचे धोरण आहे. एप्रिल २०२३ पासून या वायूच्या दराला कमाल मर्यादाही घातलेली आहे. परंतु ग्राहक वाढत आहेत आणि ती क्षेत्रे मात्र म्हातारी होत आहेत. २०२४ च्या अखेरीस शहरी कंपन्यांना मिळणारा हा स्वस्त वायू कमी केला गेला, तेव्हा ती तूट महाग वायूने भरावी लागली आणि सीएनजीचे दर वाढले. तरीही पेट्रोलशी तुलना केली तर सीएनजी परवडतो, कारण पेट्रोलवर कर जबर आहेत. महाराष्ट्राने तर एप्रिल २०२२ मध्ये वायूवरील मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. म्हणजे एलएनजी कोळशाशी स्पर्धा करू शकत नाही, पण पेट्रोल आणि डिझेल यांच्याशी करू शकतो. त्याची जागा कुठे आहे हे ओळखण्याची एवढी सोपी दुसरी खूण मला माहीत नाही.

कारखान्यांचे चित्र मधले आहे. गुजरातमधील मोरबी येथे फरशा आणि टाइल्स भाजणाऱ्या शेकडो भट्ट्या आहेत. कोळशापासून वायू करणाऱ्या तेथील संयंत्रांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये प्रदूषणामुळे बंदी घातली आणि मोरबी नैसर्गिक वायूवर आले. नंतर एलएनजी कडाडला तेव्हा अनेक कारखानदारांनी भट्ट्या प्रोपेनवर वळवल्या. पर्याय हाताशी असलेला ग्राहक असाच वागणार, आणि मागणीचे अंदाज बांधणाऱ्यांनी हे गृहीत धरले पाहिजे.

करार आणि किंमत

एलएनजी दोन प्रकारे विकत घेता येतो: वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने किंवा स्पॉट बाजारात एकेक जहाज. करारातील किंमत बहुधा कच्च्या तेलाच्या भावाशी बांधलेली असते, आणि ठरलेला माल उचलला नाही तरी त्याचे पैसे द्यावे लागतात. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा आपला मूळ करार १९९९ मध्ये झाला. त्यातील किंमत तेलाच्या पाच वर्षांच्या सरासरीवर ठरत असल्याने २०१५ मध्ये तेल कोसळल्यावरही आपल्याला जुन्या महाग भावानेच वायू मिळत राहिला, तर स्पॉट बाजारात तोच निम्म्या किमतीला होता. आपण ठरल्यापेक्षा कमी माल उचलला, मोठा दंड अंगावर आला, आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये नव्याने वाटाघाटी होऊन सरासरीचा काळ तीन महिन्यांवर आला. दंड माफ झाला आणि बदल्यात आपण वर्षाला आणखी १० लाख टन घेण्याचे मान्य केले.

यावरून स्पॉट बाजारच बरा, असे तेव्हा अनेकांना वाटले. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात आशियात स्पॉटचा भाव २ डॉलरच्या आसपास आला होता, त्यामुळे त्या मताला जोरही आला. पुढे रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाले, रशियाचा वायू आटल्यावर युरोपने जगातील जहाजे आपल्याकडे वळवली, आणि २०२२ मध्ये हाच भाव काही काळ ७० डॉलरच्याही वर गेला. वर मांडलेल्या हिशेबाने त्या भावात एका युनिट विजेचा इंधनखर्च ४० रुपयांच्या वर जातो. बांगलादेशाने स्पॉट खरेदी थांबवली, पाकिस्तानच्या निविदांना कोणी विक्रेता पुढे आला नाही, आणि दोन्ही देशांत तासन्‌तास भारनियमन झाले. भारताची आयात घटली. एका रशियन कंपनीच्या उपकंपनीशी गेलने केलेला दीर्घ मुदतीचा करारही त्या वर्षी युद्धामुळे विस्कळीत झाला. तरी आपल्याकडे अंधार पडला नाही, कारण आपली वीज एलएनजीवर अवलंबून नव्हती आणि कतारचा करार चालू होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताने कतारशी तेवढ्याच प्रमाणाचा करार २०२८ ते २०४८ या काळासाठी पुन्हा केला तो या अनुभवानंतर, आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र कतारचा प्रत्येक थेंब होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून येतो. तिथे ताण वाढला की कराराचा कागद जहाजाला वाट करून देऊ शकत नाही, म्हणून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका यांच्याकडूनही थोडा थोडा माल बांधून ठेवणे गरजेचे आहे.

पर्यावरणाच्या बाजूने वायूची शिफारस केली जाते ती समजून उमजून स्वीकारायला हवी. आधुनिक वायुकेंद्र कोळशाच्या तुलनेत एका युनिटमागे साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड सोडते, राख तर सोडतच नाही, आणि शहरातील हवेसाठी सीएनजी डिझेलपेक्षा निर्विवाद चांगला आहे. परंतु मिथेन न जळता हवेत सुटला तर वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. विहिरीपासून वाहिनीच्या शेवटच्या जोडापर्यंत गळती किती होते यावर वायूचा फायदा टिकतो किंवा बुडतो, आणि ही गळती मोजणे अजून सर्वत्र सक्तीचे नाही.

महाराष्ट्रापुरते पुढचे काम किनाऱ्यापासून दूर आहे. मुंबई-नागपूर वाहिनी समृद्धी महामार्गालगत असून तिचा पुढचा टप्पा ओडिशातील झारसुगुड्यापर्यंत आहे. विदर्भात कोळसा जवळ असल्याने तेथील वीज केंद्रे वायूकडे वळणार नाहीत. ग्राहक असतील ते छत्रपती संभाजीनगरपासून नागपूरपर्यंतचे कारखाने, शहरे आणि महामार्गावरची वाहने. लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये एलएनजी द्रवरूपातच इंधन म्हणून भरता येतो आणि नागपूरजवळ २०२१ मध्ये असा खासगी पंप सुरूही झाला. पूर्वी वाहिनीचे भाडे अंतरागणिक वाढत असे, त्यामुळे बंदरापासून दूरच्या ग्राहकाला वायू महाग पडे. एप्रिल २०२३ पासून देशातील प्रमुख वाहिन्यांसाठी एकसमान दराची पद्धत लागू झाल्याने ही दरी बरीच कमी झाली आहे. नैसर्गिक वायू अजून वस्तू आणि सेवा कराच्या बाहेर आहे, म्हणून कारखानदाराला त्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कोळसा आणि भट्टीत जाळायचे फर्नेस तेल या पर्यायांवर ती मिळत असताना, लहान उद्योजकाने निव्वळ स्वच्छ हवेसाठी वायू घ्यावा अशी अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही, आणि हा अडथळा दूर करणे कतारच्या नव्हे तर केंद्र आणि राज्ये यांच्याच हातात आहे.